वाया गेलेली लस

"जरा थांबा, सांगून घेतो."

गाय अडलेली असो, बैलाच्या खांद्याला पट्टी बांधायची असो, नाहीतर पुढ्यात चहाचा कप आलेला असो. हा माणूस डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायचा, डोळे मिटायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा. गाय हंबरत असायची, मालक घायकुतीला आलेला असायचा. कुणी म्हणायचं, "आवो, तुमचा देव ऐकूस्तवर वासरू जायचं." ते डोळे उघडून म्हणायचे, "त्यानं ऐकलं. आता कासरा धरा."

येरमाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात ते जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दवाखाना आणि सोसायटी एकाच पत्र्याच्या शेडात, मध्ये फक्त कुडाची भिंत. डॉक्टर तालुक्याला बसायचे, त्यामुळं लोक यांनाच डॉक्टर म्हणायचे. प्रत्येक वेळी ते दुरुस्ती करायचे, "डॉक्टर न्हाय. पट्टी बांधणारा." दिवसातून दहादा सांगावं लागलं तरी दहादा सांगायचे.

गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. रविवारी नवराबायको दार उघडं ठेवून गाणी म्हणायची. बाईंचा गळा गोड, यांचा आवाज मात्र वळूसारखा. सोसायटीत नवं यंत्र आलं तेव्हा पूजा घातली. चेअरमन गंधाची वाटी घेऊन यांच्यापुढं आले. हे हात जोडून हसले. "गंध नको, चेअरमन. देवापुढं ठेवायच्या आधीचा एखादा पेढा असंल तर द्या." चेअरमन क्षणभर गोंधळले आणि मग त्यांनी खरोखरच पुडा सोडून पेढा दिला. त्यानंतर दरवर्षी यांचा पेढा आधी बाजूला निघायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं सोडत नाहीत, पण दुसऱ्याचं मनही मोडत नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. छावणीत जगवून आणलेली जनावरं लोक जिवापाड जपत होते. मृगाच्या तोंडावर घटसर्पाची लस टोचायची असायची. त्या वर्षी ते तालुक्याहून बर्फाच्या थर्मासात लस घेऊन निघाले आणि एसटी वाटेत बंद पडली. भर उन्हात तीन तास. गावात पोचले तेव्हा बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. पण शेडापुढं सकाळपासून जनावरं घेऊन माणसं ताटकळत उभी. त्यांनी थर्मासात बोट बुडवलं, रांगेकडं पाहिलं आणि टोचायला सुरुवात केली. त्या दिवशी टोपी खिशात गेली नाही. ते माझ्या ध्यानात आलं, पण घाईत असतील असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोसायटीत आले. चेहरा उतरलेला. चेअरमनही तिथंच होते.

"कालची लस वाया गेल्याली हुती," ते म्हणाले. "मला कळत हुतं. तरी टोचली. सगळ्यास्नी सांगावं लागंल."

चेअरमननी दार लोटून घेतलं. "गप बसा! पाणी टोचलं म्हणून कळलं तर फुडल्या साली एकबी माणूस जनावर आणायचा न्हाय. नवी लस आली की काहीतरी निमित्त काढून परत टोचा."

"पण तवर? माझ्या भरवशावर जनावरं रानात सुटल्यात."

"अन् तुमची नोकरी?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "आज सकाळी डोळं मिटलं, चेअरमन. शब्दच येईना."

त्या दिवशी ते घरोघर गेले. मी सोबत होतो. प्रत्येक दारात एकच वाक्य: "चूक माझी हाय. नवी लस येईस्तवर जनावरं दावणीलाच ठेवा, दुसऱ्या जनावरांत मिसळू देऊ नका." कुणी शिव्या दिल्या. कुणी "किरिस्तावानं फसवलं" म्हणालं. एका म्हातारीनं मात्र विचारलं, "सांगितलं नसतं तर आमाला काय कळलं असतं?" त्यांनी मान डोलावली. "न्हाय कळलं, आजी."

नवी लस यायला आठ दिवस लागले. ती ज्या सकाळी आली, त्याच पहाटे त्या रांगेत टोचलेला गेनबाआबांचा एक बैल घटसर्पानं गेला. गळा सुजून, घरघर लागून. आबांची सगळी शेती त्या एका जोडीवर होती.

नव्या लशीचा थर्मास घेऊन ते तसेच आबांच्या गोठ्यावर गेले. आबांनी त्यांना पाहिलं आणि हातातली काठी त्यांच्या खांद्यावर घातली. हे जागचे हलले नाहीत.

"आणखी मारा, आबा. पण दुसऱ्या बैलाला आज टोचू द्या."

"हात लावायचा न्हाय माझ्या जनावराला!"

ते गोठ्याबाहेर दगडावर बसून राहिले. थर्मासावर ओलं फडकं टाकत, सावली सरकेल तसा तो सरकवत. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आबा उठले आणि बैलाला धरून बाहेर घेऊन आले. तो बैल वाचला.

वरच्या कार्यालयाला त्यांनी स्वतःच सगळं लिहून कळवलं होतं. त्यांची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माकणीला. निघायच्या दिवशी फाट्यावर मी एकटाच पोचवायला असेन असं वाटलं होतं. पण आबा आले. त्यांनी ट्रंक उचलून एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून म्हणाले, "पोचल्यावर पत्र टाका. वाचून दाखवाया हे सेक्रेटरी हायेत."

पत्रं येत राहिली. प्रत्येकात आबांच्या बैलाची चौकशी. मग काही वर्षांनी एक पत्र बाईंच्या अक्षरात आलं. साध्या तापाचं निमित्त झालं होतं.

मी ते आबांना रानात वाचून दाखवलं. ते औताशेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "त्यांच्यात माणूस गेल्यावर काय करत्यात?"

"पुरतात. मग प्रत्येकजण मूठभर माती टाकतो."

आबा वाकले. नांगराच्या तासातली मूठभर माती घेऊन माझ्या रुमालात बांधली. "माझं गुडघं आता एवढ्या लांब न्यायचं न्हाईत. तुमी जाल तवा टाका."

माकणीला गावाबाहेर मुरमाड माळावर त्यांना ठेवलं होतं. बाईंनी रुमाल पाहून विचारलं, "कुणाची माती?" मी सांगितलं. त्या खाली बसल्या आणि ती माती आपल्या हातानं पसरवली. तांबड्या मुरमावर काळ्या रानाची ती मूठभर माती, आम्ही निघालो तरी वेगळी दिसत होती.