टीचर वाचायच्या थांबल्या तेव्हा

मार्था टीचरांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी, सकाळी सहा वाजता, आणि पूर्णपणे माझ्या मनाविरुद्ध. मी मनवेलपाड्याच्या चाळीत वाढलेला. रविवारची चर्चमधली मिस्सा आणि नाताळची गाणी एवढ्यावर माझा धर्म भागत असे. बायकोचं, लीनाचं, माहेर गास गावात. सासरे एकटे, घरामागे वाडी, म्हणून आम्ही तिथेच राहायला गेलो. गावाने मला ‘घरजावई’ ही पदवी दोन दिवसांत बहाल केली आणि ती आजतागायत परत घेतलेली नाही. त्यात लीना म्हणाली, “उद्या सकाळी टीचरांच्या ओट्यावर यायचंय.” आळीतली दहा-बारा माणसं तिथे रोज जमतात, त्या दिवसाचं शास्त्रवचन ऐकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत आपापल्या कामाला लागतात, असं तिने सांगितलं. जायचं टाळण्यासाठी मी जी कारणं दिली ती टीचरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात छापण्यासारखी नाहीत.

खरं कारण मी तिलाही सांगितलं नव्हतं. मी बोलताना अडखळतो. कामणच्या गोदामात मी मालाची नोंद ठेवतो, तिथे लिहिण्यावर निभावतं. लिहिताना माझं काही अडत नाही, म्हणूनच तर संपादक मंडळाने हा लेख माझ्याकडे सोपवला. पण तोंड उघडलं की शब्द घशाशी येऊन बसून राहतो. त्या सकाळी टीचरांनी नाव विचारलं आणि मी स्वतःच्याच नावाच्या पहिल्या अक्षरावर अडकलो. ओट्यावरच्या मंडळींनी मदतीच्या भावनेने मला चार नावं देऊन पाहिली. डॉमनिकचा मी जवळजवळ अँथनी होऊन घरी गेलो असतो. टीचरांनी विषय बदलला आणि निघताना मला म्हणाल्या, “वाचनाच्या पुस्तकात फीत घालायचं काम उद्यापासून तुझं. आदल्या संध्याकाळी यायचं आणि दुसऱ्या दिवसाचं पान काढून ठेवायचं.”

बोलावं लागणार नाही असं काम त्यांनी मला शोधून दिलं होतं, हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. मला भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागलो तो त्या फितीसाठी, वचनासाठी नव्हे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

टीचरांनी गावच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग आयुष्यभर सांभाळले. आजोबा, बाप आणि नातू अशा तिघांना एकाच पाटीवर गिरवायला लावल्याचं त्या हसत सांगतात. शाळेत असल्यापासूनच त्यांनी हा ओट्यावरचा उपक्रम चालवला. त्याची पद्धत त्यांची स्वतःची. चर्चच्या दिनदर्शिकेनुसार त्या दिवसाचे जे उतारे असतील तेच वाचायचे, आवडीचे निवडायचे नाहीत. वाचून झालं की थोडा वेळ गप्प बसायचं. मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं : आज मी काय करणार. उपदेश करायला बंदी. “उपदेशाला रविवारी फादर आहेत,” असं त्या म्हणत.

ही बंदी त्या किती कडक पाळतात याचा अनुभव आमच्या जोसेफ काकांना आला. क्षमेविषयीचा उतारा होता. काकांची वाक्य सांगायची पाळी आली तेव्हा ते तावातावाने म्हणाले, “ह्या वचनाला आमच्या शेजाऱ्याला बसवायला पायजे होतं. पंप लावतो आनि सगला पानी माज्या वाडीत सोडतो.”

टीचर शांतपणे म्हणाल्या, “जोसेफ, हे टपाल तुमच्या नावावर आलंय. ते शेजाऱ्याच्या घरात टाकू नका.”

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण त्याच दिवशी राजेळी केळ्यांची एक फणी घेऊन ते शेजाऱ्याकडे गेले. दोघांनी मिळून पाण्याचा पाट वळवला. काका अजून कुरकुरतात, पण ती कुरकुर शेजाऱ्याच्याच पडवीत बसून चहा पिताना करतात.

सहवास म्हणजे नुसतं एकत्र बसणं नव्हे, हे मला सासऱ्यांच्या आजारपणात समजलं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही दोघं अकरा दिवस इस्पितळात अडकलो. वाडीत वांगी आणि वाल लावलेला, भर उन्हाळा. परत आलो तेव्हा सगळं जळून गेलेलं असणार असं मी धरूनच चाललो होतो. पाहतो तर वाफे ओले, वालाच्या शेंगा तोडून टोपलीत भरलेल्या. ओट्यावरच्या माणसांनी दिवस वाटून घेतले होते. सत्तरीच्या टीचरांनीही आपला दिवस घेतला होता आणि झारी भरभरून पाणी घातलं होतं. मी आभार मानायला गेलो आणि अर्थातच अडकलो. त्या म्हणाल्या, “राहू दे, समजलं.” तेव्हा मला ते फार बरं वाटलं होतं.

सात वर्षं असं चाललं. इतरांनी आपापलं वाक्य सांगावं आणि मी मनातल्या मनात. टीचर माझ्याकडे बघून मान हलवत आणि पुढच्याकडे वळत. वाचन अर्थातच त्यांचंच. त्यांच्या तोंडून वचन ऐकायची इतकी सवय झाली होती की दुसऱ्या कोणी वाचावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ऐकताना छान वाटे. गोदामाच्या फाटकाशी पोचेपर्यंत मात्र कानातलं सगळं निघून गेलेलं असे, निदान माझ्या.

मग माझ्या हातून ती चूक झाली. नाताळचा काळ संपून चर्चचा सामान्य काळ सुरू होतो तेव्हा पुस्तकात पहिल्या वाचनाचे दोन उतारे दिलेले असतात, एक विषम वर्षासाठी आणि एक सम वर्षासाठी. गोदामातून दमून आलेल्या मी फीत घातली ती सम वर्षाच्या पानावर. वर्ष विषम होतं. सकाळी टीचरांनी पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मी शेजारीच बसलो होतो. पानावर मूल होत नाही म्हणून रडणाऱ्या हन्नाची गोष्ट होती, आणि टीचर वाचत होत्या ते प्रेषितांच्या काळातलं एक पत्र. त्या दिवसाचा बरोबर उतारा, एकही शब्द न चुकता. त्यांचं बोट हन्नाच्या ओळींवरून संथपणे सरकत होतं.

सगळे गेल्यावर मी थांबलो. काय विचारावं कळेना. शेवटी कसंबसं म्हणालो, “टीचर, प... पान...”

“चुकलं होतं का?” त्यांनी विचारलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. “गेल्या पावसाळ्यापासून मला अक्षर दिसत नाही, डॉमनिक. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही. जेनी रोज संध्याकाळी तिच्या पुस्तकातून मला तीनदा वाचून दाखवते. मी पाठ करते.”

जेनी म्हणजे त्यांच्या सूनबाई. त्यांनाही गप्प राहायला सांगितलं होतं.

“पण का?”

“मी वाचायची थांबले तर उद्या इथे कोण येईल? इतकी वर्षं चाललंय. माझ्या डोळ्यांपायी मोडायला नको.”

मला वाईट वाटायला हवं होतं. आला तो राग. रागात माझी जीभ थोडी सैल होते. मी म्हणालो, “रोज आमच्याकडून खरं वाक्य क... कबूल करून घेता. आणि स्वतः?” गावात टीचरांशी या सुरात कोणी बोललेलं माझ्या ऐकिवात नाही. मी घाबरून घरी आलो आणि दिवसभर गोदामात नोंदी चुकवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. फ्लोरी मावशी, ज्या त्यांच्या शेजारी राहतात आणि भाजी घेऊन बाजाराला जातात, त्या तर रडायलाच लागल्या. टीचर पुढे म्हणाल्या ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो : “डोळे गेले हे देवाचं. लपवलं ही माझी चूक. आणि त्याहून मोठी एक चूक आहे. इतकी वर्षं मीच वाचलं, तुम्हांला वाचू दिलं नाही. आपल्यावाचून चालणार नाही असं मला वाटत राहिलं.” मग पुस्तक त्यांनी आपल्या बसायच्या बाकावर ठेवलं आणि खाली उतरून पायरीवर, आमच्यात येऊन बसल्या.

कोणी हलेना. फ्लोरी मावशी म्हणाल्या, “मना चष्मा नाय.” जोसेफ काकांचा घसा नेमका त्याच मिनिटाला बसला. लीना माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. पाच मिनिटं तशीच गेली. आता सगळे उठतील, उद्या निम्मे येतील, परवा कोणीच नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. टीचरांना ज्याची भीती होती तेच समोर घडत होतं, आणि ते मीच आदल्या दिवशी त्यांना उघडं करायला लावलं होतं. मी उठलो आणि पुस्तक घेतलं.

पहिलं वाक्य पूर्ण व्हायला किती वेळ लागला देव जाणे. एरवी तीन मिनिटांत संपणारा उतारा मी पंधरा मिनिटं वाचत होतो. जोसेफ काकांनी एकदा शब्द सुचवायला तोंड उघडलं, तर टीचरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. कोणीही माझा एकही शब्द पुरा केला नाही. संपलं तेव्हा फ्लोरी मावशींची रिक्षा केव्हाच निघून गेली होती. मावशी म्हणाल्या, “आज पयल्यांदा एक-एक शब्द कानात गेला बग. एवडा सावकाश कोन वाचतं?”

टीचर माझ्याकडे वळल्या. “तुझं आजचं वाक्य राहिलं,” त्या म्हणाल्या. “सात वर्षं राहिलंय. तुला त्रास नको म्हणून फीत दिली, आणि तुला मुका ठेवला. तेही माझंच चुकलं.”

पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, सगळं गाव मान देत असताना, आपल्या चांगुलपणातली चूक शोधून ती चारचौघांत सांगायला मोठं मन लागतं. आम्ही श्रद्धा वाढण्याविषयी पुष्कळ ऐकतो. मी ती वाढताना पाहिली, ती त्या पायरीवर.

आज ओट्यावर पाळ्या आहेत. मावशींनी चष्मा केला. जोसेफ काका रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाचतात आणि त्यांना ते फार आवडतं. माझी पाळी गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाचा उतारा दहा वेळा वाचतो, तेव्हा कुठे तो गुरुवारी तोंडातून निघतो. दहा वेळा वाचलेलं वचन गोदामाच्या फाटकाशी सुटून जात नाही. आठवडाभर सोबत राहतं, कधी सतावतं, कधी धीर देतं. देवाशी माझं जे काही बोलणं आहे ते असं सुरू झालं. टीचर, याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

हा ग्रंथ निघतो आहे हे कळल्यावर टीचरांनी एकच अट घातली. “मला दिसणार नाही. ज्याने लिहिलं त्याने समारंभात उभं राहून मला वाचून दाखवायचं.” तेव्हा हा लेख मला चर्चच्या सभागृहात, सगळ्या गावासमोर वाचायचा आहे. ज्या शब्दांवर मी हमखास अडतो ते टाळून लिहिणं मला जमलं असतं. मी एकही टाळलेला नाही.

मार्था टीचर, देव तुम्हांला खूप वर्षं निरोगी, आनंदी ठेवो, एवढंच मागणं आहे. हे वाक्य पूर्ण करायला मला बराच वेळ लागेल. तोवर तुम्ही थांबाल.