आधी आडवं पडा

नवी रुग्णवाहिका दारात आली की दामूअण्णा ढमाले आधी तिच्यात आडवे पडायचे. स्टिअरिंग, ब्रेक, हॉर्न वगैरे नंतर. चपला बाहेर काढायच्या, टोपी पोटावर ठेवायची, स्ट्रेचरवर उताणं पडायचं आणि दुसऱ्या चालकाला सांगायचं, "चल, मंडईला चक्कर मारून आन." बघणाऱ्यांना हसू यायचं. मलाही आलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

आता कार्यालयात त्यांचा फोटो लावलाय. चंदनाचा हार, खाली 'निष्ठावान सेवक'. तो बघितला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. ज्या माणसाचं एक वाक्य कुणी धड ऐकून घेतलं नाही, त्याला हार घालायला मात्र सगळे पुढे. न ऐकणाऱ्यांत मी अगदी पहिल्या ओळीत होतो, म्हणून हे लिहायचा मला अधिकार आहे.

आमची रुग्णवाहिका सेवा एका धर्मादाय संस्थेची. फोन आला की गाडी सुटायची, येरवडा असो नाहीतर कात्रज. मी तिथे कारकून, खरेदीच्या फायली माझ्याकडे. दामूअण्णा सगळ्यांत जुने चालक, राहणार वारजे. वारजं शहरात आलं, भावांनी शेतं बिल्डरला दिली आणि ते मोठमोठ्या गाड्यांतून फिरायला लागले. अण्णा आपले सायकलला डबा अडकवून कामावर हजर. मी एकदा विचारलं, "अण्णा, आता कशाला ही दगदग?" तर म्हणाले, "भाऊसाहेब, भावाच्या गाडीत बसायला सारं गाव तयार हाय. माझ्या गाडीत यायची कुनाची इच्छा नसती. म्हनून तिथं मानूस नीट पायजे." कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची जुनी रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

एके वर्षी संस्थेनं नव्या गाड्या घ्यायचं ठरवलं. नमुन्याच्या दोन गाड्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. एक उंच, पांढरीशुभ्र, वातानुकूलित, छतावर निळ्या दिव्यांची रांग, आत स्टीलची चकचकीत कपाटं. दुसरी ठेंगणी, साधी, लग्नाला जुने कपडे घालून आलेल्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात. निवड समितीत आमचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मोठे अधिकारी, आणि एक डॉक्टर. टिपणं घ्यायला मी. समितीनं पाहणी केली म्हणजे काय केलं? रंगावरून हात फिरवला, दारं उघडून लावली, सायरन वाजवून पाहिला. अध्यक्ष पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी फोटो काढून घेतला. मग चहा आणि वेफर्स. ज्या जागेसाठी गाडी घ्यायची, त्या मागच्या जागेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

अण्णा मात्र दोन्ही गाड्यांत आडवे पडून, चकरा मारून आले. चकचकीत गाडीतून उतरले ते कमरेवर हात ठेवूनच. सरळ समितीपुढे येऊन उभे राहिले.

"साहेब, ही मालाची गाडी हाय. टेम्पोवर वरून डबा बसवलाय. खालचे स्प्रिंगचे पाटे दीड टनाच्या मालाचे. आत सिमेंटची पोती भरा, झकास जाईल. एकटा मानूस घातला की उडतंय त्ये. जोरात नेली तर पेशंट आदळून मरंल, हळू नेली तर वाटंत मरंल. आता तुमीच सांगा, कशी नेऊ?"

"आणि ती दुसरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसायला गरीब हाय. पर खड्डा पाठीला कळत न्हाई."

अध्यक्ष हसले. "ढमाले, तुमची पाठ रिटायर व्हायला आली आहे. गाडीला कशाला बोल लावता?" त्यावर सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. चिडलेही नाहीत, आणि त्याचीच मला आज चीड येते. शांतपणे म्हणाले, "मग आपन आडवं पडा साहेब. मी एकच चक्कर मारतो. उतरल्यावर आपन चांगली म्हनला, तर उद्या माझा राजीनामा घ्या."

रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवर धडधाकट माणसानं झोपायचं? अहो, शिव शिव म्हणा. अध्यक्षांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, असलं अभद्र त्यांना कसं चालेल? डॉक्टर म्हणाले, "मी रोज पेशंट पाहतो, मला झोपून काय कळणार?" मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आज संकष्टी आहे, उपास आहे माझा, चक्कर येईल." सकाळी दोन बश्या साबुदाण्याची खिचडी चापून आलो होतो मी.

फायलीत मी लिहिलं : 'समितीने प्रत्यक्ष चाचणी घेतली. वाहन समाधानकारक.' अक्षर माझंच. दुसऱ्या दिवशी अण्णा टेबलाशी आले.

"भाऊसाहेब, चाचणी कुनी घेतली?"

"समितीनं."

"कोन झोपलं होतं?"

"अहो अण्णा, कागदावर असंच लिहायचं असतं."

त्यांनी त्या कागदावरून बोट फिरवलं. "बरं हाय कागदाचं. त्याला पाठ नसती," एवढं बोलून निघून गेले.

उंच गाड्या आल्या. नारळ फुटले, चाकाखाली लिंबं ठेवली, झेंडूच्या माळा सोडल्या. पहिल्याच आठवड्यात येरवड्याहून खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींना आणायचं होतं. मी काही कामानं त्या गाडीत पुढे बसलो होतो. पहिल्या गतिरोधकावर त्या माउली अशा किंचाळल्या की मी कान झाकले. अण्णांनी गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं, आणि हात जोडून म्हणाले, "आजी, चुकलं. आता सांगून नेतो." चुकलं कुणाचं आणि हात कोण जोडतंय! मी काचेतून समोरच्या दुकानाची पाटी वाचत बसलो.

त्या दिवसापासून अण्णांनी केबिनच्या मागची छोटी काच कधी लावली नाही. दर गतिरोधकाआधी वेग उतरवायचा आणि मागे तोंड करून म्हणायचं, "धरा." पेशंटनं, नातेवाइकानं बाजूची दांडी धरायची. चाकं पार झाली की म्हणायचं, "सोडा." आपल्या शहरात गतिरोधक किती, हे मी पुणेकरांना सांगायला नको. दिवसभर धरा आणि सोडा. बाकीचे चालक त्यांना कंडक्टर म्हणून चिडवायचे. "म्हना," अण्णा म्हणायचे, "निदान उतारू जिता उतरतोय."

एकदा त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला : पाट्यांतले दोन पाटे काढू द्यावेत, गाडी मऊ होईल. अध्यक्षांचा शेरा आला, 'वॉरंटी रद्द होईल, सबब नामंजूर'. वॉरंटी गाडीची. माणसाची कुणी दिली होती?

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि बोलण्याचा आग्रह. अण्णा उभे राहिले. "जास्त काय न्हाई. फुडच्या टायमाला गाडी घेताना आधी आडवं पडा." खाली बसले. टाळ्या वाजल्या. काय बोलावं या लोकांना? मीही वाजवल्या.

पुढच्या वर्षी एका रविवारी दुपारी मी वारज्याला त्यांच्याकडे गेलो होतो. ओसरीवर चहा घेत बसलो होतो, तोच अण्णांनी कप खाली ठेवला आणि छाती दाबून धरली. घाम फुटला. भाऊ घरी नव्हते, त्यांच्या गाड्याही नव्हत्या. मी आमच्याच सेवेला फोन लावला आणि आमचीच उंच, चकचकीत गाडी आली. पवार नावाचे चालक होते, अण्णांच्याच हाताखाली तयार झालेले. अण्णांना ऑक्सिजन लावला, स्ट्रेचरवर निजवलं. मी बाजूला बसलो.

पवारांनी घाईनं पहिला गतिरोधक घेतला आणि अण्णा स्ट्रेचरवरून वीतभर उडाले. नंतर पवारांनी गाडी हळू केली. जोरात नेली तर हे, हळू नेली तर ते. अंगणात उभं राहून अण्णांनी सांगितलेलं सगळं मला शब्द न शब्द आठवत होतं, आणि मी फायलीत लिहिलेलंही.

अण्णांचे डोळे मिटलेले. पण त्या रस्त्यावर त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी मास्क जरासा बाजूला केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धरा, भाऊसाहेब." मी दांडी धरली. गाडी आदळली. "सोडा," ते म्हणाले.

"अण्णा, बोलू नका," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. जन्मात आम्ही त्यांचं ऐकलं नव्हतं, त्यांनी माझं का ऐकावं? धरा. सोडा. धरा. सोडा. आवाज बारीक होत गेला. कर्वे रस्त्याला लागल्यावर पुन्हा म्हणाले, "धरा." मी धरली. पुढची चाकं आदळली, मागची आदळली, गाडी सरळ झाली. मी वाट बघत राहिलो.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर बाहेर ओढायला माणसं आली, तेव्हा त्यांतल्या एकानं माझी बोटं दांडीवरून सोडवली.

तिथले डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आला असतात तर काही सांगता आलं असतं. दहा मिनिटं कुठे गेली, ते मी त्यांना सांगितलं नाही. समितीतले तेच डॉक्टर असते, तर सांगितलं असतं.

परवा संस्थेच्या अंगणात पुन्हा नमुन्याची गाडी आली. मागचीपेक्षा उंच, मागचीपेक्षा चकचकीत. अध्यक्ष तेच. "वा," म्हणाले, "लिहा, समाधानकारक." मी चपला काढल्या, आत चढलो आणि स्ट्रेचरवर उताणा पडलो.

"अहो, हे काय करताय? आज अमावास्या आहे," अध्यक्ष म्हणाले.

"असू दे," मी म्हणालो. "पवार, वारज्यापर्यंत न्या. आणि हळू करू नका."

परत आलो तेव्हा मला धरून उतरवावं लागलं. कमरेवर एक हात ठेवूनच मी फाईल मागितली आणि उभ्यानं लिहिलं : 'आडवे पडून पाहिले. नापसंत.' खाली माझी सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण नाव लिहिलं.