चिखलातली संकष्टी

“वल्हवा! अवो, वल्हवा म्हणतंय मी! झोपलास काय?”

बायको कयाकच्या पुढच्या बैठकीवरून ओरडत होती, आणि मी मागच्या बैठकीवर बसून इतक्या जोरात वल्हवत होतो की तेवढ्या जोरात आणखी घटकाभर वल्हवलं असतं तर कालावलची खाडी उचलून आचऱ्याच्या बाजारात नेऊन ओतली असती. अडचण एकच होती. खाली पाणी नव्हतं. वल्हं चिखलात रुतायचं, आणि बाहेर येताना शंभर म्हशी एकदम पाय उपसतायत असा आवाज करायचं.

“कशात वल्हवू गो? पाणी खंय आसा?”

तिने बाजूला वाकून पाहिलं. पाणी होतं, पण दोनशे हात लांब, आणि आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे निघालेलं. पलीकडे जुवा दिसत होता, खाडीच्या मधलं माडांचं बेट. त्याच्यावर तंबू टाकून रात्र काढायची आणि सकाळी खाडीच्या मुखाकडे उतरायचं, असा बेत होता.

बेताच्या मागे माझा एक स्वार्थ होता, तो आधी सांगतो. लहानपणी ह्याच जुव्यापाशी मी हूद बघितलेले, म्हणजे पाणमांजरं. आयुष्यात मी ज्या काही हजार गोष्टी लोकांना सांगितल्या त्यातली ही अगदी शंभर टक्के खरी. आणि नेमकी हीच बायकोने कधी मानली नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तिला सांगितलं होतं की मी हाक मारली की कुडाळ स्टेशनावरची गाडी थांबते. तेव्हापासून माझ्या बोलण्याचं तिच्याकडे जे वजन राहिलं ते राहिलं. वर्षं गेली, पोरं नोकऱ्यांना लागली, आणि मला एकच ध्यास लागला. एकदा हिला हूद दाखवायचा. माझी एक गोष्ट हिने खरी म्हणायची. म्हणून कयाक भाड्याने घेतली, म्हणून संकष्टीच्या उपाशी बाईला डब्यात मोदक भरायला लावून खाडीत आणली.

भरतीचा हिशेब मी आमच्याकडे करतात तसाच केला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, तिथून सहा तास सुकती, म्हणजे ओहोटी. सुकतीच्या ओढीला लागून, वल्ही नुसती टेकवून, पाणी हटून चिखल उघडा पडायच्या पाऊण तास आधी जुव्याला लागायचं. इतका चोख हिशेब मी शाळेत केला असता तर आज मंत्रालयात असतो.

आणि उतरलोही तसेच. दुपारचं ऊन पाण्यावर पिवळं पडलं होतं. काठाची कांदळवनं आपोआप मागे सरकत होती, जणू आम्ही थांबलोय आणि गावच कुठेतरी निघालंय. खंड्या एका फांदीवरून सुटायचा, निळी रेघ ओढायचा आणि पुढच्या फांदीवर आमची वाट बघत बसायचा. बायकोने हात पाण्यात सोडला होता. ती काही बोलत नव्हती, आणि मीसुद्धा बोलत नव्हतो, हे आमच्या घरात अजून कोणाला पटलेलं नाही.

आता चिखलात बसून तिने विचारलं, “तिथी खंयची धरलास?”

“चतुर्थी. आज तुझो उपास नाय?”

“उपास संकष्टीचो. चतुर्थी सांजची लागता. दिवसभर तृतीया आसा.”

तिनाची पाऊणपट सव्वादोन. नेमका पाऊण तास!

“मगे तेव्हाच सांगूक काय झाला?”

“तुमी इचारलास?”

चालत जायची सोय नव्हती. मी एक पाय खाली टाकून बघितला, तो मांडीपर्यंत गेला, आणि चप्पल अजून तिथेच आहे. म्हणून बसलो. काळोख झाला. चिखल सगळीकडून बारीक पुटपुटायला लागला, बुडबुडे फुटत होते, कुर्ल्या बिळांतून निघत होत्या. वर एवढी नक्षत्रं लोंबत होती की हात वर केला असता तर बाही अडकली असती. रातबगळा एकदाच ओरडला. मग डोळ्यांना काळोख आणि पाणी वेगळं कळेना, आपण बसलोय की तरंगतोय तेही कळेना.

किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या पाठीमागे डोंगरावर उजेड फुटला. बायको पुढच्या बैठकीवर सावकाश उलटी फिरली, चंद्राकडे आणि माझ्याकडे तोंड करून बसली. बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं, अर्घ्य सोडलं, हात जोडले, डोळे मिटले.

आणि तिच्या खांद्यावरून मला शीळ ऐकू आली.

भरतीचं पहिलं पाणी चिखलात परत शिरत होतं, चांदीच्या जिभेसारखं. त्याच्याबरोबर ते आले. चपटी डोकी, ओल्या पाठी. चिखलावर पोटाने घसरत, एकमेकांना ढकलत, लग्नघरातल्या पोरांसारखे. एक तर वल्ह्याच्या अंतरावर उभा राहिला आणि त्याने मला नीट न्याहाळलं. माझ्या तोंडात हाक तयार होती, पण कुडाळची गाडी थांबवणारी ती हाक मी गिळली. हाक मारली तर ते पळणार, आणि तिचे ओठ अजून हलत होते. उघड गो डोळे, उघड, असं मी नुसत्या भुवयांनी ओरडत होतो.

तिने डोळे उघडले. माझ्या भुवया बघितल्या. “भूक लागली काय तुमका?” म्हणाली, आणि स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं. खण्णकन.

मागे छपछप झाली, पण ती वळेपर्यंत पाण्यावर फक्त तीन रेघा होत्या, आणि त्यासुद्धा मिटत होत्या.

बोलून काय होणार होतं? पाणी आलं, कयाक हलकेच उचलली गेली, आणि आम्ही जुव्याकडे निघालो. वल्हं बुडालं की खाली निळसर ठिणग्या उठायच्या आणि विझायच्या. अर्धी वाट संपल्यावर तिने विचारलं, “आज इतके गप कशे?”

“हूद इले होते. तुझ्या पाठीमागे. तू हात जोडून बसलेलंस तेव्हा.”

“किती होते?”

बारा घशाशी आले होते. चाळीस त्यांच्या मागे उभे होते.

“तीन,” मी म्हणालो.

ती मोदक चावत राहिली. मग म्हणाली, “तीनच? मगे खरे आसतले.”