न उघडलेला पडदा

दि. ११ जानेवारी १९७१ रोजी गोव्यातल्या आमोणे गावच्या एका नाट्यमंडळाने कृष्णनाथ पेंटरला राजवाड्याचा पडदा रंगवायला दिला. रक्कम ठरली एकशे सदतीस रुपये पन्नास पैसे. शंभर रुपये आगाऊ मिळाले. उरलेले जत्रेच्या नाटकाला पडदा उघडला की रंगमंचावर नारळासह द्यायचे, असा तिथला रिवाज होता.

कृष्णनाथ डिचोलीचा. गोवा मुक्त झाला तेव्हा दुकानांवरच्या पोर्तुगीज पाट्या उतरल्या आणि मराठी पाट्या रंगवून त्याचे बस्तान बसले. पाट्या संपल्यावर त्याने खनिजाच्या ट्रकांचे नंबर रंगवले, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जांची नावे रंगवली. पणजीच्या एका मराठी दैनिकाला डिचोलीत वार्ताहर हवा होता. शुद्ध लिहिणारा माणूस म्हणून लोकांनी पेंटरचे नाव सुचवले. बातमीमागे दोन रुपये मिळत.

जत्रेच्या नाटकाची बातमी तो नाटकाआधीच पाठवत असे. पाकीट दुपारी तीनच्या पणजी बसने जाई, नाटक रात्री अकराला सुरू होई आणि संपादकांना बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात हवी असे. नटांची नावे ठाऊक असत, गर्दी होतेच. सात वर्षांत एकही बातमी खोटी ठरली नव्हती. त्या सात वर्षांत त्याने सगळ्यांची नावे छापून आणली. स्वतःचे एकदाही नाही.

हा पडदा मात्र त्याला मनापासून आवडला होता. अठरा फूट मांजरपाट, सरसात कालवलेले रंग. राजवाडा त्याने कधी पाहिला नव्हता, म्हणून खांब मुरगावच्या एका आगबोट कंपनीच्या कचेरीचे घेतले. जत्रेच्या दिवशी बातमीत त्याने एक वाक्य वाढवले : ‘कृष्णनाथ पेंटर यांनी रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यास प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली.’ पाकीट तीनच्या बसने गेले.

पाच वाजता देवस्थानचे एक वयोवृद्ध महाजन, म्हणजे मानकरी, वारले. दुखवट्यामुळे नाटक रद्द झाले. बातमी थांबवायला कृष्णनाथने सायकल हाणत डिचोलीचा बाजार गाठला. सोड्याच्या दुकानात फोन होता. तो चार दिवसांपासून बंद होता.

सकाळी अंक आला. मंडळाचे अध्यक्ष दत्ताराम यांनी चहाच्या दुकानात तो मोठ्याने वाचला.

“पेंटरा, टाळयो कोणें मारल्यो रे? देवचारान?” त्यांनी विचारले. देवचार म्हणजे गावची राखण करणारे भूत.

“देवचार आधी वर्गणीची पावती फाडून घेता, मागीर टाळयो मारता,” कोपऱ्यात चहा पीत बसलेला बाबली म्हणाला.

कृष्णनाथने चहा संपवला, पैसे दिले आणि तो घरी गेला.

चौथ्या दिवशी संपादकांचे पोस्टकार्ड आले : खुलासा पाठवा, अन्यथा वार्ताहराचे ओळखपत्र परत करा. त्याने खुलासा लिहून बायकोला वाचून दाखवला. नाटक झाले नाही, पडदा उघडला नाही, टाळ्या पडल्या नाहीत. शेवटची ओळ अशी होती : ‘पडदा मात्र कृष्णनाथ पेंटर यांनीच रंगवला आहे.’

“परत नाव कशाला?” सुमंगला म्हणाली. “एकदा हसं झालं ते पुरे नाही झालं?”

“पडदा मीच रंगवला गो. तेवढं तरी खोटं नव्हे.”

“आणि ओळखपत्र गेलं म्हणजे?”

“गेलं तर गेलं.”

ओळ तशीच पाठवली. संपादकांनी ती तशीच छापली, पाचव्या पानावर, बाजारभावांच्या खाली. ओळखपत्र राहिले. खुलाशाचे दोन रुपयेही आले.

नाटक पुन्हा लागले नाही. राजाचे काम करणारा यशवंत मुरगावच्या गोदीत नोकरीला होता, त्याची रजा संपली. पुढच्या वर्षी मंडळाने सामाजिक नाटक घेतले. त्यात एका कारकुनाची खोली होती, राजवाडा नव्हता. पडदा गुंडाळून देवळाच्या कोठारात ठेवला. कृष्णनाथने उरलेल्या पैशांचे दोनदा विचारले. दत्ताराम म्हणाले, “पडदो उघडूं दी, दितां.” त्यांचे म्हणणे रिवाजाला धरून होते. कृष्णनाथने तिसऱ्यांदा विचारले नाही.

त्यानंतर वीस वर्षे त्याने बातम्या पाठवल्या. जत्रेच्या नाटकाची बातमी तो आता नाटक संपल्यावर लिही आणि ती एक दिवस उशिरा छापून येई. ती बातमी आणि तो खुलासा, दोन्ही कात्रणे त्याने रंगाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती. १९९२ साली तो वारला. ती बातमी दुसऱ्या वार्ताहराने दिली. त्यात ‘ज्येष्ठ वार्ताहर’ असे होते, पेंटर असल्याचा उल्लेख नव्हता.

पडदा अजून उघडलेला नाही. मंडळाकडून सदतीस रुपये पन्नास पैसे आणि एक नारळ येणे आहे.