बिननावाची घागर

जर्मनच्या लढाईनंतर आमच्या वर्ध्याकडे गोरे लोक येऊ लागले, ते राज्य करायला नाही, सूत कातायला. आश्रमात राहत, जमिनीवर झोपत, संडास साफ करत. खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा. इतकी वर्षं आम्हाला शहाणपण शिकवलं आणि आता तेच मागायला आमच्या दारात उभे.

आमच्या नाचणगावचे रूपराव मात्र त्यांच्याविरुद्ध कधी काही बोलले नाहीत. ते स्वतः पलटणीतून इटलीत लढून आलेले. शेती बरी, बायको कोकिळाबाई कामाला वाघीण. पण दर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात, तेव्हा रूपरावांच्या घरी एक घागर जास्तीची असे. ती एका जर्मन शिपायाची. रूपरावांनीच त्याला गोळी घातली होती. मरताना त्यानं तोंडाकडे हात नेऊन पाणी मागितलं. रूपरावांच्या कमरेला भरलेली बाटली होती. त्यांनी दिली नाही. गावी परतल्यापासून तो मेलेला शिपाई भर उन्हात त्यांच्या विहिरीवर येऊन उभा राही.

"बिननावाची घागर पोचत नाई," कोकिळाबाई म्हणत. "म्हणून तो येऊन राह्यला."

नावाची आशा एकाच ठिकाणी होती. त्या शिपायाच्या पट्ट्याचं बक्कल रूपरावांनी आणलं होतं आणि त्यावर अक्षरं होती. मी गावचा मास्तर. अक्षरं लावली, पण ती भाषा मला येईना. बावन्न साली आश्रमात वेर्नर नावाचा जर्मन शिक्षक आल्याचं कळलं. त्याला इंग्रजी येत होतं. अखजीच्या सकाळी मी त्याला घेऊन आलो.

रूपरावांनी बक्कल त्याच्या हातावर ठेवलं. "नाव सांगजा साहेब. आज त्याले मोकळं करतो."

वेर्नरनं ते वाचलंच नाही, नुसता अंगठा फिरवला.

"हे नाव नाही," तो म्हणाला. "देव आमच्यासोबत आहे, असं लिहिलंय. आमच्या फौजेत सगळ्यांच्या कमरेला हेच होतं. माझ्याही. आता हे म्हणायची आम्हाला लाज वाटते. तिकडे वर्गात मुलं विचारतात, कोणाच्या भरवशावर मारलंत? मी फळ्याकडे तोंड फिरवतो. पुस्तकं बदलली, पण शिकवताना माझा त्यांच्यावरही विश्वास बसत नाही."

मी मराठीत सांगितलं. रूपरावांनी बक्कल परत मागून घेतलं. आठ वर्षं धरलेली आशा गेली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

"माझं नाव घ्या," वेर्नर म्हणाला.

कोकिळाबाई पुढे झाल्या. "जित्या माणसाच्या नावानं घागर भरतेत काय? अशानं माणूस जाते. सांगा त्याले, मास्तर."

मी सांगितलं. तो म्हणाला, "असा पट्टा बांधून जो वेर्नर लढाईला गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या नावानं भरा."

रूपरावांनी घागर भरली, वर आंबा ठेवला आणि वेर्नरचं नाव घेतलं. साहेबानं हात जोडले. त्याला ते नीट जोडताही येत नव्हते. माझा राग त्या दिवशी गेला.

दिवाळीच्या सुमारास वेर्नर मायदेशी परतला. कोकिळाबाई दर महिन्याला शाळेत येऊन विचारत, साहेबाचं पत्र आलं का. पत्र आलं नाही.

पुढच्या अखजीच्या आधी मी रूपरावांना विहिरीवर गाठलं. "आता येत नाही ना तो?"

"येते," ते म्हणाले. "कोकिळेले सांगू नका मास्तर. आता त्याचं तोंड साहेबाचं आहे."