सुविधाचा गुरुवार

संगणकावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं मी आमच्या फौंड्रीतला माल गाड्यांत चढवून रवाना करतो. कुठल्या गाडीत पंपाचे किती भाग गेले, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. तरी दिवाळीनंतर ऑफिसवाल्यांनी माझ्या टेबलावर एक मशीन आणून ठेवलं आणि म्हणाले, "मष्णू अण्णा, आता सगळं ह्यात बघायचं." किती भट्ट्या लागल्या, किती माल बाद झाला, कुठली ऑर्डर अडकली, सगळं म्हणे रिपोर्टात दिसतं. माझ्यासारख्या प्रत्येक खात्यातल्या माणसाच्या गळ्यात ते लोढणं बांधलं.

त्या रिपोर्टाची राखणदार म्हणजे सुविधा. निपाणीची पोर. आई सोनुबाई विड्या वळते, आणि त्या विड्यांवरच पोरीनं संगणकाची पदवी काढली. खुर्चीत बसून करायची त्या घरातली ही पहिलीच नोकरी, तीही कंत्राटी. सकाळी सहाची बस धरून बेळगावला यायची आणि वेळेआधी उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात हजर. अंगानं बारकी, पण प्रश्न विचारण्यात अशी चिवट की समोरच्यानं हात टेकावेत. उत्तर मिळालं की वहीत लिहायची, नाही मिळालं तर पुन्हा विचारायची. मी तिला फौजदारीण म्हणायचो. ती हसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

नव्या वर्षात रिपोर्ट रुसायला लागला. सकाळी चालायचा. पण अकराच्या सुमाराला कुणी उघडायला गेलं की लाल पट्टी यायची, 'डेटाबेसशी संपर्क होत नाही.' खरे आकडे असतात आतल्या सर्व्हरवर, डेटाबेसात. रिपोर्ट तिथून आणून नुसता दाखवतो. ते आणणंच बंद पडायचं. आणि नेमकी दर गुरुवारी अकराला आमचे मालक युवराज साहेब मीटिंग घेतात. लाल पट्टी हमखास त्यांच्याच नशिबी.

सुविधानं वायरी तपासल्या, पासवर्ड तपासला, सर्व्हरचा पत्ता तपासला. सगळं ठीक. सर्व्हर बंद करून चालू केला की दोन तास बरे जायचे, मग ये रे माझ्या मागल्या. आम्ही सगळे तिच्या नावानं खडे फोडत होतो. सगळ्यात जास्त मी, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात बेंगळूरच्या एका कंपनीनं साहेबांच्या कानात घातलं, सर्व्हर जुना झालाय, सगळंच बदला आणि काम आमच्याकडे द्या. साहेबांनी सुविधाला बोलावून सरळ सांगितलं, "येत्या गुरुवारी परत तेच झालं तर काम त्यांना देणार. मग तुमचं कंत्राट मला वाढवता येणार नाही."

बुधवारी दुपारी ती छापलेला कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"अण्णा, एक विचारू?"

"न्हाय म्हटलं तर थांबणार हायस व्हय?"

"लाल पट्टी येती तवा तुमचा रिपोर्ट बंद पडतोय?"

"माझा कशाला पडंल? सकाळी आल्या आल्या उघडून ठेवतो. एकदा मिटला की परत मिळतोय कुठं?"

"तेच तर! जे आत हायत त्यास्नी काय होत न्हाय. नव्यानं येणाऱ्यालाच दार बंद." तिनं कागद पुढं केला. "डेटाबेसात एका वेळी चाळीस जागा हायत. आत्ता चाळीसच्या चाळीस भरल्यात. त्यातल्या अकरा तुमच्या."

माझं डोकं फिरलं. "मशीन एक, माणूस एक, आणि अकरा जागा कुठनं आल्या गं?"

ती वाद घालत बसली नाही. माउस घेऊन तिनं पडद्यावरचं पान बाजूला केलं. त्याच्याखाली दुसरं निघालं, त्याच्याखाली तिसरं. उघडलेलं पान मला सापडायचं नाही, म्हणून दर वेळी मी नवं उघडत आलो होतो. मोजली तर बरोबर अकरा भरली. एकेका पानानं एकेक जागा धरली होती.

"आमच्या स्टँडवर कोल्हापूरची बस लागली की लोक खिडकीतनं रुमाल टाकत्यात, बघितलंय न्हवं? माणूस खाली चहा पितोय आणि आत सीट अडलेली. हितं बी तसंच झालंय. रिपोर्ट मिळत न्हाय म्हणून लोक उघडून धरून ठेवत्यात, आणि धरून ठेवत्यात म्हणून मिळत न्हाय. साहेब सगळ्यांत शेवटी येत्यात, मग त्यास्नी कुठली जागा?"

संगणकातलं काही मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी घाईघाईनं पानं मिटवायला लागलो, तर तिनं अडवलं.

"उद्या अकराच्या अकरा उघडी ठेवा. नुसतं सांगून साहेबांना पटायचं न्हाय, डोळ्यांनी दिसाय पायजे. मी फोन केला की मिटवा. तुमचं नाव घेणार न्हाय मी."

गुरुवारी मी पानं उघडून बसलो. मीटिंगची खोली माझ्या समोरच, दार उघडं. अकराला साहेबांनी बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर लाल पट्टी आली. बेंगळूरचा माणूस स्पीकरवर होता, तो लगेच म्हणाला, "नोडी सर, बघा, मी सांगितलं होतं."

सुविधा उभी राहिली. "साहेब, दोन मिनिटं द्या. मी सर्व्हरला हात लावत नाही, फक्त एक फोन करते."

माझ्या टेबलावरचा फोन वाजला. "मिटवा," एवढंच म्हणाली.

मी मिटवत सुटलो. एकेक करत अकरावं पान मिटलं.

"आता उघडा, साहेब."

उघडला! भट्ट्या, बाद माल, अडकलेल्या ऑर्डरी, सगळं भिंतीवर लख्ख. मी खुर्चीतून उठलोच.

"कुणाला फोन केलात?" साहेबांनी विचारलं.

"ते राहू द्या, साहेब. जागा कशी अडते ते सांगते."

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण ज्या पोरीला महिनाभर बोल लावले, ती माझी लाज राखत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"मला केलता, साहेब. अकरा जागा मी एकट्यानं अडवलत्या. आणि हिला सगळ्यांत जास्त बोललो बी मीच."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. चार-पाच जण गुपचूप आपापलं मशीन बघायला पळाले.

मग सुविधानं उपाय सांगितला. दहा मिनिटं कुणी पाहिलं नाही की जागा आपोआप सुटेल, एवढंच सर्व्हरला सांगून ठेवायचं होतं. नवं यंत्र नको, नवं काही नको. साहेबांनी ऐकलं आणि तिला म्हणाले, "करा. आणि सोमवारी कायम झाल्याचं पत्र घेऊन जा." मग त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. बेंगळूरचा माणूस अजून लाईनवर होता. "ह्यांनाही तुम्हीच सांगा."

सुविधानं शांत, स्वच्छ कन्नडमध्ये सांगितलं, नको सर, आमचं काम आम्हीच करतो.

आमचं म्हणाली. सकाळपर्यंत कंत्राटी असलेली पोर साऱ्या फौंड्रीला आमचं म्हणाली, आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं.