साडूंच्या पेटीचा विमा

या जगात एखादी वस्तू इथून निघून तिथे सुखरूप पोहोचू शकते, यावर आमच्या साडूंचा काडीचा विश्वास नाही. पोस्टमन, कुरिअरवाला, लग्नात आहेराची पाकिटं गोळा करणारी आत्या, सगळे त्यांच्या लेखी संशयित. दादर मार्केटात घेतलेला नारळसुद्धा नायगावला चाळीत शिरेपर्यंत ते थांबून थांबून कानाशी हलवून बघतात, वाटेत पाणी कमी झालं तर काय घ्या. स्वतःच्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीत नवरदेव असूनही ते सगळ्यात मागे बसले होते, बॅगांवर नजर राहावी म्हणून. असा माणूस घर हलवायला निघाला तेव्हा माझ्या बायकोने मला मदतीला पाठवलं आणि स्वतः गुडघ्याचं निमित्त काढून घरी बसली.

चाळ पाडून टॉवर होणार, तोवर शीवला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं. नायगाव ते शीव, म्हणजे टॅक्सीवाला ऐकूनच तोंड फिरवतो एवढंच अंतर. पण सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस विमा समजावायला आला, तेव्हा साडूंनी सामान विलायतेला चालल्यासारखी त्याची उलटतपासणी घेतली.

"काका, दोन प्रकार आहेत," तो बिचारा म्हणाला. "साध्या विम्यात ट्रक उलटला, जळला, तरच भरपाई. मोठ्यात चढवता-उतरवताना फुटलं-तुटलं तेही धरतात. फक्त पॅकिंग आमच्या माणसांचं पाहिजे. तुम्ही स्वतः बांधलेलं असेल तर मग आमची जबाबदारी नाही."

"जिन्यात पडलं तर?"

"मोठ्यात येतं."

"आणि जिनाच पडला तर?"

त्या जिन्याकडे बघता प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता. कंपनीच्या माणसाने चहा संपवून फॉर्म पुढे केला. साडूंनी मोठा विमा घेतला.

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप एकाच वस्तूसाठी होता. चाळीच्या भजनी मंडळाची बाजाची पेटी वर्षानुवर्षं साडूंच्या घरी असते. दर गुरुवारी गॅलरीत सतरंजी पडते आणि साडू पेटीवर बसतात. वाजवतात बरं. म्हणजे चुकतात, पण इतक्या अधिकाराने चुकतात की गाणारेच सूर बदलून घेतात. "मंडळातले कोण विरारला गेले, कोण पनवेलला," ते मला म्हणाले. "पेटी आहे म्हणून उद्या परत जमतील. तिला काय झालं तर कशाला येतील रे?" हेही त्यांनी नेहमीच्या तक्रारीच्या सुरात सांगितलं, त्यामुळे मी हसण्यावारी नेलं.

सामान हलवायच्या दिवशी साडूंनी पेटी बांधणाऱ्या कामगाराला आधी चपला काढायला लावल्या, मग हातपाय धुवायला पाठवलं. दसऱ्याला जिला फुलं वाहतो तिला असा कसाही हात लावू देणार का? त्याने मुकाट्याने सगळं केलं आणि पेटी फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये, वर पुठ्ठ्यात, वर चिकटपट्टीत छान बांधली. तो बाहेर गेला मात्र, साडू अस्वस्थ झाले. "कोंडली रे ती," म्हणत त्यांनी भाजीच्या सुरीने सगळं फाडलं आणि पेटी घरच्या गोधडीत गुंडाळली. कंपनीचा माणूस दारात येऊन बघतच राहिला.

"काका, आता ही विम्यात नाही हो."

"मीपण यांनीच बांधलेलं खोकं," आतून मेव्हणी म्हणाली. "मला तरी कुठे भरपाई मिळाली?"

शेवटी मोडकं स्टूल आणि गळकी बादलीसुद्धा पूर्ण विमा उतरवून ट्रकमधून गेली, आणि जिच्यासाठी विमा काढला ती पेटी विम्याशिवाय टॅक्सीत, साडूंच्या मांडीवर. दर गतिरोधकाला साडू ओरडायचे, "भैया, आहिस्ता, पेशंट है." त्या भल्या माणसाने आम्हाला थेट हॉस्पिटलच्या गेटाशी नेऊन सोडलं. तिथून दुसरी टॅक्सी.

सामानाला ओरखडाही आला नाही. इतका खर्च करून काहीच फुटलं नाही, म्हणून साडूंचा चेहरा उतरला होता. पहिल्या गुरुवारी त्यांनी मला आणि त्या कंपनीच्या माणसाला फोन करून बोलावलं. पेटी बिघडली, आवाज बसलाय, बघायला या. विम्यात नसूनही तो आला. त्याचा स्वभावच चांगला, नाहीतर कोण येतं? सतरंजी पडली होती, टाळ मांडले होते. मजल्यावरचे सगळे दरवाजे बंद. विरारवाले, पनवेलवाले कोणी आले नव्हते. साडूंनी वाजवून दाखवलं.

"काका, चांगली वाजतेय की."

"वाजतेय रे," साडू म्हणाले. "पण मागून टाळ येत नाहीत. हे तुझ्या मोठ्या विम्यातपण बसत नसेल ना?"

या माणसाची मी आयुष्यभर टिंगल करत आलोय.

"नाही बसत, काका," तो माणूस म्हणाला. मग कोणी न सांगता मोरीत जाऊन हातपाय धुऊन आला आणि सतरंजीवर बसला. एक टाळ त्याने घेतला, एक मी. साडूंनी सुरुवात केली, पहिल्याच ओळीला चुकले, आणि आम्ही दोघांनी सूर बदलून घेतला.